आधी बॅनर, मग मतदारयादी: बडोद्यातल्या एका सोसायटीचं प्रकरण

बडोदा महानगरपालिकेची निवडणूक 21 फेब्रुवारी 2021 ला झाली. 19 वॉर्ड, प्रत्येक वॉर्डात चार जागा, एकूण 76 नगरसेवक. त्यांत भाजपचे 69 निवडून आले आणि काँग्रेसचे 7. या सभागृहाची मुदत संपत आली आणि पुढच्या निवडणुकीची कुजबुज सुरू झाली, त्या काळातली ही हकीकत. सोसायटी आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र तोच ठेवला आहे. मी त्या सोसायटीत राहत नाही. तिचे हिशेब तपासायला वर्षानुवर्षं जातो, त्यामुळे सभेत मागच्या खुर्चीवर बसायला मिळतं आणि सभेनंतरचा चहाही चुकत नाही.

पार्श्वभूमी

सोसायटी शहराच्या उत्तरेकडच्या भागात आहे. शंभर-सव्वाशे डुप्लेक्स घरं, 1990 च्या दशकात बांधलेली. निम्म्याच्या आसपास कुटुंबं मराठी. दांडिया बाजार, नवापुरा, शियाबाग इथल्या वाडवडिलांच्या घरांच्या वाटण्या झाल्या, जागा पुरेना, तेव्हा ती इकडे आली. उरलेली बहुतेक गुजराती, थोडी वारसियाकडून आलेली सिंधी. सभेचं कामकाज गुजरातीत चालतं, इतिवृत्तही गुजरातीतच. सभा संपल्यावर गेटपाशी जी खरी चर्चा रंगते ती अर्धी मराठीत.

मागच्या भिंतीला लागून कांस जाते. बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचं तर पावसाचं पाणी विश्वामित्रीत नेऊन सोडणारा हा उघडा नाला. भूखी, रुपारेल, मसिया या मोठ्या कांसांची नावं शहरात सगळ्यांना पाठ असतात. ही त्यांतली नव्हे. वॉर्ड ऑफिसच्या नकाशावर ती एक बिननावाची रेघ आहे आणि पुढच्या सगळ्या गोंधळात या बिननावाचा वाटा मोठा आहे.

31 जुलै 2019 ला शहरात दिवसभरात 18 ते 20 इंच पाऊस पडला, तेव्हा सोसायटीत गुडघाभर पाणी आलं होतं. लोकांनी सोफे विटांवर चढवले आणि विषय मिटला. 2024 ला तसं झालं नाही. 26 ऑगस्टला, जन्माष्टमीच्या दिवशी, पाणी चढायला लागलं. विश्वामित्रीची धोक्याची पातळी 26 फूट आहे. त्या आठवड्यात नदी 35 फुटांच्याही वर गेली. सोसायटीच्या खालच्या मजल्यांवर कमरेपर्यंत पाणी दोन दिवस उभं होतं. फ्रीज तरंगले, गाड्यांची इंजिनं गेली, आणि एका घराच्या मागच्या अंगणात मगरीचं पिल्लू सापडलं. मगरीचं बडोदेकरांना फारसं अप्रूप नसतं, पण आपल्या तुळशीजवळ कोणाला नको असते. पाणी ओसरल्यावर जेमतेम दहा दिवसांत गणपती आले. त्या वर्षी मंडळाने मूर्ती लहान आणली आणि वर्गणीतला मोठा हिस्सा गाद्यांवर खर्च केला.

या दोन दिवसांत चारपैकी एकही नगरसेवक फिरकला नाही. दूध आणि पाण्याच्या बाटल्या शेजारच्या सोसायटीतल्या पोरांनी ट्रॅक्टरवरून आणल्या. शहरात इतरत्रही लोकांनी भेटीला आलेल्या पुढाऱ्यांना परत पाठवल्याच्या बातम्या त्या आठवड्यात येत होत्या, म्हणजे हा राग एका गल्लीचा नव्हता. पुढे केशडोल (पूरग्रस्तांना मिळणारी रोख मदत) आणि घरवखरी (घरसामानाची भरपाई) यांच्या सर्वेक्षणाच्या रांगा लागल्या. त्यात कोणाचं नाव आलं आणि कोणाचं राहिलं, यावरून आणखी कडवटपणा वाढला.

अडचण

सप्टेंबर 2025 च्या वार्षिक सभेत ठराव झाला: गेटवर बॅनर लावायचा. ‘काम नहीं तो वोट नहीं’, हिंदीत, म्हणजे फोटो काढला तर सगळ्यांना वाचता येईल. अध्यक्षकाका बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने सावध. त्यांचा विरोध होता, पण हात वर झाले ते मोजावेच लागले. बॅनरचा फोटो दोन दिवसांत शहरभरच्या ग्रुपांवर फिरला आणि ज्यांना वर्षभर फोन लागत नव्हता त्यांचे फोन यायला लागले.

इथेच खरी अडचण उघडी पडली. पहिला नगरसेवक आला, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, “बोला, काय काम करायचं?” सभागृहात शांतता. मग कोणी म्हणालं नदी खोल करा. कोणी म्हणालं अजवा धरणाचं पाणी सोडताना आधी कळवा. एक काकू म्हणाल्या रस्त्यावरची गाय हटवा. नगरसेवकाने सगळं लिहून घेतलं, आणि नदीचं काम तर झालंच आहे, असं सांगून निघून गेला. तेही खोटं नव्हतं. 2025 च्या पावसाळ्याआधी शहरातून जाणाऱ्या विश्वामित्रीच्या सुमारे 24 किलोमीटर पट्ट्यात गाळ काढून पात्र रुंद केलं होतं. त्या पावसाळ्यात 2024 सारखा पूर आला नाही, त्यामुळे लोकांचा राग ज्या नदीवर होता तिच्याबद्दलची तक्रार निम्मी बोथट झाली होती.

सोसायटीतला एक तरुण सिव्हिल इंजिनिअर त्या दिवशी गप्प बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याने 2024 च्या पुराचे मोबाइलमधले व्हिडिओ लोकांकडून मागवले आणि वेळेनुसार लावले. त्यात स्पष्ट दिसलं की पहिलं पाणी रस्त्याने नाही, गटाराच्या झाकणांतून वर आलं. नदी चढली की कांसेचं पाणी नदीत उतरत नाही. ते मागे सरकतं, पावसाळी गटाराच्या तोंडातून उलटं आत शिरतं आणि सोसायटीच्या सगळ्यात खोलगट कोपऱ्यात वर येतं. नदीचं म्हणून जे पाणी आलं ते कित्येक तासांनंतर. म्हणजे गटार जिथे कांसेला मिळतं तिथे एका बाजूनेच उघडणारी झडप, फ्लॅप गेट, हवी होती. शिवाय कांसेवरच्या छोट्या पुलाखाली साचलेला राडारोडा काढायला हवा होता. झडप मिटली की आत पडणारा पाऊस बाहेर फेकायला पंपही लागणार होता. ही सगळी वॉर्डाच्या पातळीवरची कामं होती. नदीचा प्रकल्प गांधीनगरपर्यंत जातो, फ्लॅप गेट झोनच्या ऑफिसपर्यंत.

मोजलेले पर्याय

ऑक्टोबरमध्ये नऊ-दहा जणांचा एक गट बसला. त्यात सचिवबेन, अध्यक्षकाका, इंजिनिअर, एक निवृत्त वकीलसाहेब आणि सिंधी कुटुंबातले एक व्यापारी असे सगळे होते.

बहिष्कार हा पहिला पर्याय, कारण तो बॅनरवर आधीच लिहिलेला होता. कोणीतरी शंका काढली की गुजरातमध्ये स्थानिक निवडणुकीत मतदान सक्तीचं आहे ना, दंड होईल. वकीलसाहेबांनी खुलासा केला: सक्तीचं विधेयक विधानसभेत 2009 ला मंजूर झालं, राज्यपालांची संमती 2014 ला मिळाली आणि 2015 ला उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. दंडाची भीती नाही. पण बहिष्काराचा उपयोगही नाही, हे त्यांनी लगेच पुढे जोडलं. मागच्या वेळी शहरात निम्म्याहून कमी मतदान झालं होतं. जिथे निम्मं शहर न सांगताच घरी बसतं, तिथे आणखी शंभर घरं रागाने घरी बसली तर मोजणाऱ्याला फरक कळणार कसा? मला हा युक्तिवाद बिनतोड वाटला, तरीही बॅनर लगेच उतरवला नाही. लोकांना तो आवडत होता.

नोटाचा, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या बटणाचा, विचार पाचच मिनिटं झाला. नोटाची मतं मोजली जातात, जागा मात्र ज्या उमेदवाराला जास्त मतं त्यालाच मिळते.

अपक्ष उभा करण्यावर मात्र दोन संध्याकाळी गेल्या, कारण तरुणांना त्यात जोर दिसत होता. सोसायटीतल्या एका लोकप्रिय गृहस्थांचं नाव पुढे आलं. पुरात ट्यूब टाकून म्हाताऱ्यांना बाहेर काढणारा माणूस. नाव पुढे येताच त्यांच्या पत्नीने हसत सांगितलं, आम्हाला तीन मुलं आहेत. गुजरातच्या 2005 च्या कायद्याने दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्याला महापालिकेची निवडणूक लढवता येत नाही. कट-ऑफ तारखेआधीच्या मुलांना सूट आहे, पण त्यांचं धाकटं तारखेनंतरचं निघालं. मग सचिवबेनचं नाव आलं. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव, त्यामुळे वाट मोकळी होती. त्यांनी साधं गणित मांडलं. 2011 च्या जनगणनेत बडोद्याची लोकसंख्या 16.7 लाख होती. तिला 19 ने भागा, एका वॉर्डात 85 हजारांहून जास्त माणसं आली. आपण सगळे मिळून, म्हातारे आणि कॉलेजची पोरं धरून, किती? शिवाय पक्ष चार जणांची पॅनल घेऊन फिरतो. मतदाराकडे चार मतं असतात आणि त्याला चार नावं एका दमात सांगितली जातात. एकट्या अपक्षाला प्रत्येकाच्या चारपैकी एक मत काढून आणायचं आणि उरलेल्या तिघांचं काय करायचं हेही समजावून सांगायचं. चारपेक्षा कमी मतं द्यायची असली तर शेवटी रजिस्टरचं बटण दाबावं लागतं, आणि ते कितीजणांना माहीत असतं? बेनचा मुद्दा कोणाला खोडता आला नाही. अपक्षाचा विषय तिथेच थांबला.

चौथा पर्याय नाजूक होता. त्याची सुरुवात खरं तर बॅनरच्याही आधी झाली होती. 27 ऑगस्ट 2025 ला, पुराच्या नेमकी वर्षपूर्तीच्या आठवड्यात, गणपती बसले. आरतीला एका पक्षाचा मराठी कार्यकर्ता आला. ‘या वॉर्डात मराठी चेहरा द्यायचा विचार वरती चालू आहे. मराठी समाजाची वेगळी बैठक घेऊ, यादी द्या, काम होऊन जाईल’ असा त्याचा सूर होता. बडोद्यात मराठी मतांना राजकीय वजन आहे, ते नवीन नाही. ऐकणाऱ्यांपैकी काहींचे कान टवकारले. आपल्या माणसाला आपलं दुखणं कळेल, एवढा साधा हिशेब होता, त्यात वावगं काही नाही. गटातल्या एका ज्येष्ठ काकूंनी मात्र विरोध केला आणि तोही भावनेवर नाही. त्यांनी खोलगट कोपऱ्यातली अकरा घरं बोटावर मोजून दाखवली: सहा गुजराती, तीन मराठी, दोन सिंधी. मराठी बैठकीत ज्यांच्या घरात कमरेपर्यंत पाणी होतं ती आठ घरं बाहेर राहतात, आणि उंच जोत्यावरची, पाय न भिजलेली मराठी घरं आत येतात. म्हणजे मागणी करणारा तो नव्हे, ज्याला ती हवी आहे. कार्यकर्त्याला निरोप गेला: आरतीला केव्हाही या, कामाची यादी सोसायटीच्या सभेत मिळेल.

उरला तो पाचवा: मोजकी, तांत्रिक, तारीख लावलेली मागणी आणि ती चारही विद्यमान नगरसेवकांना व पुढे येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला एकाच शब्दांत. हा पर्याय निवडला गेला. त्यात जोश नव्हता, म्हणून काही तरुण नाराज झाले.

मतदारयादीचा टप्पा

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा वळणाचा भाग कोणी ठरवून आणलेला नव्हता. 4 नोव्हेंबर 2025 पासून गुजरातमध्ये मतदारयाद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं आणि बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणाऱ्या कर्मचारी, घरोघरी फॉर्म घेऊन फिरू लागल्या. महापालिकेची वॉर्डवार यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, म्हणून सचिवबेनने सहज विचारून पाहिलं: आपल्या सोसायटीत किती फॉर्म आले? उत्तर ऐकून त्या चकित झाल्या. जितके प्रौढ राहतात त्याच्या निम्म्याहून थोडेच जास्त.

बाकीच्यांची नावं अजून जुन्या पत्त्यावर होती. दांडिया बाजार, नवापुरा, कोणाचं थेट राजमहाल रोडला. मुलांची नावं कुठेच नव्हती, ती पुण्याला नोकरीला. म्हणजे गेटवर ‘वोट नहीं’ लिहिलेल्या सोसायटीकडे या वॉर्डात देण्यासारखी मतंच अर्धी होती. ज्या नगरसेवकाला धमकी दिली त्याच्या कार्यकर्त्याकडे यादी असणारच. त्याने ती आधीच पाहिली असेल, तर पहिल्या भेटीतला तो निवांतपणा कुठून आला ते कळतं. हा माझा तर्क, पुरावा नाही.

नाव का हलवलं नाही, याची कारणं ऐकण्यासारखी होती. आळस हे सगळ्यात सामान्य. पण पाच-सहा ज्येष्ठांनी मुद्दाम हलवलं नव्हतं. जुन्या वाड्यात हिस्सा आहे, चुलतभावांशी वाटणी अर्धवट आहे, यादीतून नाव गेलं तर हक्क गेला अशी त्यांची समजूत. वकीलसाहेबांना हे समजावायला बराच वेळ लागला: मतदारयादी हा मालकीचा पुरावा नव्हे. हिस्सा ठरतो तो सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर, वारसाच्या नोंदीवर आणि कागदपत्रांवर. उलट जिथे राहत नाही तिथे नाव ठेवलं तर बीएलओ पंचनामा करून ‘स्थलांतरित’ लिहील आणि मग नाव दोन्हीकडून जाईल. एका आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि तरीही नाव हलवायला नकार दिला. वाड्याच्या गल्लीतल्या शाळेत मतदानाला गेलं की जुनी माणसं भेटतात, हे त्यांचं खरं कारण होतं. त्यांना कोणी आग्रह केला नाही.

दुसरा गुंता सुनांचा. पुनरीक्षणात 2002 च्या यादीशी मेळ घालायचा होता: स्वतःचं नाव त्यात असेल तर ते, नसेल तर आई-वडिलांचं. पुणे, नाशिक, जळगावहून लग्न होऊन आलेल्या बायकांना माहेरच्या यादीतले तपशील शोधावे लागले. त्यातही काही जणींचं लग्नात पहिलं नावच बदललेलं. माहेरची सुनंदा इथे शर्वरी झालेली असेल तर यादीत कोण शोधणार? गुजराती बीएलओ बाईंना पहिल्यांदा हे पटेनाच. विवाह नोंदणीचा दाखला, जुनी शाळा सोडल्याची प्रत, नाही तर राजपत्रातली नोंद, जे असेल ते जोडलं. माझ्या मते या कामात सोसायटीतल्या दोन सुनांनी जेवढी मेहनत घेतली तेवढी अख्ख्या समितीने घेतली नाही, आणि इतिवृत्तात त्यांची नावं नाहीत.

केलेली कामं

मागणीचं पत्र एका पानाचं झालं. इंजिनिअरने कांसेच्या पुलाची रुंदी, गटाराच्या तोंडाचा व्यास आणि खोलगट कोपऱ्याची पातळी मोजून आकृती जोडली. तीन कामं, प्रत्येकासमोर कोणत्या विभागाचं ते. खाली शेजारच्या दोन सोसायट्यांचे शिक्के. ही शेजाऱ्यांना सोबत घेण्याची सूचना व्यापारी काकांची होती: कांस आपल्या एकट्याची नाही, त्यांच्याकडेही पाणी याच तोंडातून येतं.

पत्र वॉर्ड ऑफिसात दिलं, पोच घेतली, मग नगरसेवकांना. दोघं भेटले. तिसऱ्या नगरसेविकेचा फोन त्यांचे पती उचलत. ते म्हणाले, मला सांगा, मीच सगळं बघतो. सचिवबेनने शांतपणे, बेन घरी असतील तेव्हा येतो, असं म्हणून खरंच दुसऱ्या दिवशी गाठलं, आणि पत्र त्यांच्याच हातात दिलं. चौथ्यांची भेट शेवटपर्यंत झाली नाही.

नोव्हेंबरअखेर एका नगरसेवकाकडून निरोप आला: रविवारी खातमुहूर्त (भूमिपूजन) करू, नारळ आणून ठेवा. फ्लॅप गेटचं. मंडप सुचवला, फोटोग्राफरही सुचवला. सभेत आनंद झाला. अध्यक्षकाकांनी तेवढंच विचारलं, वर्क ऑर्डरचा नंबर काय? वर्क ऑर्डर नव्हती. अंदाजपत्रक झोनकडे होतं, निविदा निघाली नव्हती. निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली की नवीन कामाचा आदेश थांबतो, त्यामुळे त्याआधी नारळ फोडायची घाई प्रत्येक वॉर्डात असते. इथे गट दोन तट झाला. एक बाजू म्हणे, नारळ फुटला की निदान शब्द तरी बांधला जातो, नाही केलं तर फोटो आपल्याकडे आहे. दुसरी म्हणे, फोटो त्यांच्याकडेही आहे, आणि तो आधी पोस्टरवर लागेल. शेवटी मधला रस्ता निघाला: पुलाखालचा राडारोडा काढायला नवी निविदा लागत नाही, ते वार्षिक साफसफाईत बसतं. ते काम सुरू करा, त्या दिवशी आम्ही सगळे हजर राहतो, फोटो काढा. खातमुहूर्त वर्क ऑर्डर आल्यावर. नगरसेवकाने हो म्हटलं, आणि जेसीबी खरंच आला.

काय झालं

पुलाखालून ट्रॉल्यांनी गाळ, विटा आणि एक आख्खी लोखंडी खाट निघाली. फ्लॅप गेटचं अंदाजपत्रक मंजुरीच्या टप्प्यावर आहे, निविदेची तारीख कोणी सांगत नाही. पंपाच्या बाबतीत उत्तर आलं की खासगी सोसायटीत कायमचा पंप महापालिका बसवत नाही. पावसाळ्यात फिरता पंप देता येईल, नोंदणी वॉर्ड ऑफिसात करा. हे लेखी आलं, हीच कमाई.

यादीचं काम जास्त ठोस झालं. 19 डिसेंबरला प्रारूप यादी लागली तेव्हा आणखी गळालेली नावं सापडली. दावे-हरकतींच्या मुदतीत पत्ता बदलण्याचे आठ नंबरचे आणि नव्या नावांचे सहा नंबरचे फॉर्म एकत्र भरले गेले. सोसायटीत राहणारे बहुतेक प्रौढ आता याच वॉर्डाचे मतदार होतील अशी स्थिती आहे. प्रारूप यादी लागली त्याच आठवड्यात बॅनर उतरला. वारा-पावसाने तो फाटलाच होता, त्यामुळे उतरवण्याचा ठराव करावा लागला नाही.

मराठी कार्यकर्ता पुन्हा आला, या वेळी सभेला. उमेदवारी त्याच्या माणसाला मिळेल की नाही हे त्यालाही ठाऊक नाही. जागांची आरक्षणं आणि पक्षांच्या याद्या लागल्यावरच ते कळेल.

वेगळं काय करता आलं असतं

बॅनर चूक होता असं मी म्हणणार नाही, त्याच्यामुळेच दार उघडलं. पण त्याआधी आठवडाभर व्हिडिओ गोळा केले असते तर पहिल्या भेटीत नगरसेवकासमोर गप्प बसायची वेळ आली नसती. ती भेट वाया गेली, आणि पुढारी दुसऱ्यांदा तितक्या लवकर येत नाहीत.

यादी तर पुराच्या आधीच तपासायला हवी होती. 2019 पासून सोसायटीकडे वेळ होता. दरवर्षी नव्या सभासदाचं शेअर सर्टिफिकेट बदलताना आठ नंबरच्या फॉर्मची आठवण करून द्यायची, एवढी साधी सवय लावता आली असती. आता सचिवबेनने ती सभासदत्वाच्या अर्जात एक ओळ म्हणून घातली आहे. ऑडिटर म्हणून माझी हरकत नाही.

शेजारच्या सोसायट्यांना सोबत घ्यायला उशीर झाला. त्यांच्यातल्या एकीचं गटार आपल्या आधी कांसेला मिळतं. एकाच ठिकाणी गेट लावून दुसरीकडे मोकळं ठेवलं तर मागे सरकणारं पाणी त्यांच्याकडे जास्त शिरेल, हे इंजिनिअरच्या लक्षात पत्र दिल्यानंतर आलं. म्हणजे मागणी आता एकाऐवजी दोन गेटांची आहे, आणि अंदाजपत्रक परत सुधारावं लागणार.

खर्चाच्या बाबतीत अध्यक्षकाकांनी एक गोष्ट नीट सांभाळली: बॅनर, झेरॉक्स, जेसीबीच्या दिवशीचा चहा, यातलं काहीही सोसायटीच्या खात्यातून गेलं नाही, वेगळ्या वर्गणीतून झालं. पुढे एखादा गट उघडपणे कोणा उमेदवाराचा प्रचार करू लागला तर हा वेगळेपणा उपयोगी पडेल, आणि तसं होणार हे दिसतंच आहे.

पुढचं

हे लिहिलं तोपर्यंत मतदानाची तारीख लागलेली नव्हती. उमेदवार ठरले की प्रत्येकाला सभेला बोलवायचं आणि तेच तीन प्रश्न विचारायचे, असं ठरलं आहे. दोन गेटांची निविदा कोणत्या महिन्यात? फिरता पंप 15 जूनपर्यंत वॉर्डात येऊन उभा राहील का? आणि गेट बसल्यावर दरवर्षी पावसाळ्याआधी ते उघडून, गाळ काढून, बिजागऱ्यांना ग्रीस कोण लावणार, वॉर्ड ऑफिस की ड्रेनेजवाले? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वॉर्ड ऑफिसातल्या एका कर्मचाऱ्याने आताच देऊन टाकलं आहे: “साहेब, ते तुमच्या वॉचमनलाच शिकवा.”